चार मिलिमीटर

मिरजेतल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी हिस्टोची टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बरणीतून आला की त्याचे मेणातले ब्लॉक करायचे, ब्लॉकचे काप काढायचे, काप काचेवर घेऊन रंगवायचे आणि ट्रे मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, हे माझं काम. रिपोर्ट मॅडम लिहितात, सही त्यांची. तरी इतकी वर्षं काचा रंगवल्यावर डोळ्याला कळायला लागतंच. रंग नीट चढलाय का हे बघायला काच मायक्रोस्कोपखाली धरावी लागते, आणि रंग बघता बघता बाकीचंही दिसतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गुलाबी चकत्या दिसतात, आडव्या कापलेल्या कांद्यासारख्या एकात एक. त्यांना केराटिन पर्ल म्हणतात. त्या दिसल्या की मी काच ट्रेमध्ये ठेवते आणि पुढची घेते.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून जत, अथणी, विजापूर, पंढरपूर इथपर्यंतची माणसं दुखणं घेऊन इकडे येतात. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या बरण्यांत गाल, जीभ, जबडा यांच्या बरण्या जास्त. पुरुषांच्या फॉर्मवर तंबाखू-चुना, मावा, गुटखा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या बरण्या बघून तसं वाटत नाही. बायकांच्या फॉर्मवर मिश्री, आणि त्यांची गाठ पुरुषांच्या गाठीपेक्षा बहुधा मोठी असते, कारण घरातल्या सगळ्यांची दुखणी उरकल्यावर त्यांचा नंबर लागतो. २०२२ सालच्या जागतिक कर्करोग अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट एक लाख चाळीस हजारांच्या वर धरलेत. भारतातल्या पुरुषांत हा कॅन्सर पहिल्या नंबरवर आहे.

त्यातला एक माझा अण्णा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी. सौदे सुरू झाले की डाव्या गालात तंबाखूची चिमूट जायची, ती हिशोब लागेपर्यंत तिथेच. आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यातलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा अण्णा त्यांच्या गावी, अंजनीला जाऊन आला आणि घरी आल्याबरोबर पुडी उकिरड्यावर फेकली. आई स्वतः आयुष्यभर मिश्री लावणारी, पण तिने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. ते सोडणं दसऱ्यापर्यंत टिकलं.

पुढे काही वर्षांनी त्याची डावीकडची खालची दाढ हलायला लागली. एका दवाखान्यात ती काढली. जखम भरेना. परत औषधं, परत गुळण्या. दाढ काढणाऱ्याने गाल आणि हिरडीमधल्या खाचेत एकदा बोट फिरवलं असतं तरी पुष्कळ झालं असतं, पण तसं बोट फिरवायची पद्धतच आपल्याकडे फारशी नाही. वहिनींच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. खर्डा पानात असेल तर अण्णा नुसता दूधभात खाऊन उठायला लागला होता. त्यांनी मला फोन केला, आणि मी त्याला दुसऱ्या दिवशी ओढतच आणला.

बायोप्सीचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो मीच कापला. दुसऱ्या टेक्निशियनला सांगता आलं असतं, पण तो नवा होता आणि एवढ्याशा तुकड्याचे काप वाया घालवायची मला भीती. चकत्या दिसल्या. मॅडमना सांगायची गरज पडली नाही, त्यांनी आडनाव वाचलं होतं.

ऑपरेशन मिरजेतच झालं. गालाचा आतला भाग, हिरडी, खालच्या जबड्याच्या हाडाची वरची पट्टी आणि मानेतल्या गाठी असं सगळं एकसंध काढलं आणि छातीवरचं मांस कातड्यासकट वर फिरवून ती जागा भरली. खर्च महात्मा फुले योजनेत बसला. बरणी आमच्या लॅबमध्ये आली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. तोंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत येणार का, याचं भाकीत लोकांना वाटतं तसं कुठल्या तरी मोठ्या मशिनवर होत नाही. त्याची सुरुवात थिएटरमधल्या बरणीत होते. तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन पाहिजे, तेही बफर घातलेलं. ते कमी पडलं तर तुकडा बाहेरून टणक होतो आणि आतून सडतो. जास्त दिवस राहिला तर पेशींमधला डीएनए तुटतो. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा आकसतोही. सर्जनने टेबलावर सेंटीमीटरभर सोडलेली चांगली जागा काचेवर येईपर्यंत बरीच कमी भरते. मग तुकड्याच्या कडांना रंगीत शाई लावायची, पुढची एका रंगाची, मागची दुसऱ्या, खोलीची तिसऱ्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली कुठली कड कुठली ते कळतं. हाड असेल तर ते ॲसिडमध्ये मऊ होईपर्यंत दिवसचे दिवस ठेवायचं. त्या ॲसिडने हाड कापण्याजोगं होतं, पण त्यातला डीएनए पुढे जनुकांच्या तपासणीला जवळजवळ निकामी होतो. म्हणून अण्णाच्या बरणीतला मऊ भाग आणि हाड मॅडमनी आधीच वेगळे करून घेतले. एरवी एवढा विचार आम्ही करतो का? नेहमी नाही.

मानेतल्या गाठी शोधणं हे आणखी एक काम. चरबीच्या लगद्यातून एकेक गाठ बोटांनी चाचपून काढायची. कंटाळा केला तर बारा सापडतात, बसून शोधल्या तर तिसाच्या वर जातात. आणि एकाच गाठीत रोग असेल तर ती नेमकी न सापडलेल्यांत असायची शक्यता उरतेच. मानेतल्या गाठींचं महत्त्व मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलातल्या एका मोठ्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलंय. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांचा कॅन्सर लहान आहे आणि मानेला गाठ लागत नाही अशा पेशंटचे दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटात गाठ दिसली तरच काढल्या. पहिल्या ५०० पेशंटचा हिशोब २०१५ मध्ये छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट. आबा गेले त्याच वर्षी तो निकाल आला.

अण्णाचा रिपोर्ट असा होता. गाठ २.८ सेंटीमीटर. खोली ९ मिलिमीटर. सगळ्यांत जवळची कड ४ मिलिमीटरवर. हाडात शिरकाव नाही. मानेतल्या ३४ गाठींपैकी एकीत रोग, पण तिचं बाहेरचं आवरण फुटलेलं नाही. मज्जातंतूंच्या कडेने पेशी सरकलेल्या दिसतात.

यातली खोली कशी मोजतात ते बघण्यासारखं आहे. गाठीच्या वर किती मांस उगवलंय ते धरायचं नाही. शेजारची निरोगी त्वचा जिथे संपते त्या पातळीपासून आत ओळंबा सोडायचा आणि पेशी सगळ्यांत खाली जिथे पोचल्यात तिथपर्यंत मोजायचं. बाहेर फुलकोबीसारखी मोठी दिसणारी गाठ आत तीन मिलिमीटर निघते, आणि साधं चिरलेलं वाटावं असा व्रण बारा मिलिमीटर. २०१८ पासून तोंडाच्या कॅन्सरची पायरी ठरवताना ही खोली धरायला सुरुवात झाली, तोवर नुसती लांबी-रुंदी चालायची. आणि कडेचं म्हणाल तर निदान पाच मिलिमीटर निरोगी जागा सुटलेली असावी असा सर्वसाधारण हिशोब. अण्णाची चार होती. एक मिलिमीटर कमी. तो एक मिलिमीटर सर्जनच्या हातून गेला की फॉर्मॅलिनने खाल्ला, हे कोणी सांगू शकत नाही.

रिपोर्ट घेऊन मी सांगलीला गेले तेव्हा अण्णा खाटेवर बसला होता, नाकात नळी, मानेला टाके. बोलता येत नव्हतं म्हणून वहीवर लिहिलं. दिवाणजीचं अक्षर, एकेक ओळ ताठ: परत येतंय काय ते सांग.

मी म्हटलं, "शेक द्यावा लागेल, रेडिएशनचा. तो घेतला की शक्यता कमी होते."

त्याने लिहिलेल्या ओळीखाली नुसती रेघ मारली.

पुण्याहून भाचा आला तो लॅपटॉप घेऊनच. हिंजवडीत नोकरी, मुलगा हुशार, बापावर जीव. त्याने एक तपासणी शोधली होती. गाठीतली जनुकं वाचायची, मग रक्त घ्यायचं, आणि त्या गाठीचा डीएनए रक्तात तरंगताना सापडतो का बघायचं. सापडला तर रोग शिल्लक आहे. कंपनीचा माणूस त्याच्याशी फोनवर बोलला होता. तपासणीला ब्लॉक लागणार होता, पैसे वहिनींच्या गंठणाएवढे लागणार होते, आणि निकालाला तीन-चार आठवडे.

"आत्या, निकाल येईपर्यंत थांबू या," तो म्हणाला. "रक्तात काही नसेल तर शेकाचा त्रास कशाला द्यायचा बाबांना?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. घरात मी एकटी 'त्यातली' ना.

मला त्या तपासण्यांची थोडी ओळख आहे. आमच्याकडे काही मार्कर, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं, रंगवले जातात. त्याची रीत गमतीची वाटेल: काप चिकटवलेल्या काचा सायट्रेटच्या पाण्यात घालून प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढायच्या, म्हणजे फॉर्मॅलिनने आवळलेली प्रथिनं मोकळी होतात. मग अँटिबॉडी, मग रंग. जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी. पी ५३ नावाचं प्रथिन पेशीचा बिघाड दिसला की तिला थांबवतं. त्याचं जनुक बिघडलं की बहुतेक वेळा बिघडलेलं प्रथिन साचून राहतं आणि सगळी केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. काही गाठींत उलट, काहीच रंग चढत नाही, आणि तेही बिघाडाचंच लक्षण. सरसकट तपकिरी तेवढं वाईट असं समजणारे चुकतात.

आजूबाजूच्या मेडिकल आणि डेंटल कॉलेजांतली एमडी-एमडीएसची मुलं थीसिससाठी ब्लॉक मागायला येतात. चाळीस ब्लॉक, एक मार्कर. कोणाचं केआय ६७, कोणाचं सायक्लिन डी १, कोणाचं ई-कॅडहेरिन, कोणाचं पोडोप्लॅनिन. मी त्यांना काप काढून देते. सहा महिन्यांनी पेढे येतात: मार्कर जास्त असेल त्यांचा रोग लवकर परत येतो असं आकडेवारीत निघालं. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा तोच मार्कर घेतो, अँटिबॉडी दुसऱ्या कंपनीची, 'जास्त' म्हणायची रेघ दहा टक्क्यांऐवजी पंचवीसवर, आणि त्याचं काहीच निघत नाही. त्या मुलांचा दोष नाही, त्यांना तीन वर्षांत पदवी घ्यायची असते. जगभर हेच झालंय. असले अभ्यास कसे मांडावेत याची नियमावली २००५ साली निघाली ती याच घोळामुळे. तोंडाच्या कॅन्सरची पायरी ठरवायच्या कोष्टकात आज एकही रेणवीय मार्कर नाही. पी १६ आहे, पण तो घशाच्या आतल्या, टॉन्सिलकडच्या कॅन्सरसाठी, जिथे एचपीव्ही विषाणूचा हात असतो. आपल्याकडचा गालाचा-हिरडीचा कॅन्सर बहुतांशी तंबाखूचा.

म्हणजे या सगळ्यात तथ्य नाही असं मला म्हणायचं नाही. १९९५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी एक काम केलं ते मला फार आवडतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे २५ पेशंट घेतले, ज्यांच्या कडा मायक्रोस्कोपखाली स्वच्छ होत्या. प्रत्येकाच्या गाठीतला पी ५३ चा नेमका बिघाड शोधला आणि तोच बिघाड त्या स्वच्छ कडांत आहे का बघितलं. १३ जणांच्या कडांत तो सापडला. त्या १३ पैकी ५ जणांचा रोग त्याच जागी परत आला. उरलेल्या १२ जणांत एकाचाही नाही. म्हणजे आमच्या काचेवर जी पेशी साधी दिसते ती आतून बिघडलेली असू शकते. हे वाचल्यापासून 'कडा स्वच्छ' असा रिपोर्ट टाइप होताना बघितला की मला ते आठवतंच.

पण माणसं २५. स्तनाच्या कॅन्सरमध्ये २१ जनुकांची एक तपासणी आहे, तिच्यावरून काही बायकांची केमो खरोखर टाळतात. ती टाळायला डॉक्टर धजावले, कारण दहा हजारांवर बायकांची नावं नोंदवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुरा झाला. आमच्या गालाच्या कॅन्सरला असं भाग्य अजून लाभलेलं नाही. या रोगाची जनुकं वाचण्याचं मोठं काम मात्र भारतातच झालं: खारघरचं ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था, २०१३ साली. आधी ५० पेशंटच्या गाठी, मग ताळ्यासाठी आणखी ६०. पी ५३, कॅस्पेस ८, फॅट १, नॉच १ यांच्याबरोबर काही जनुकं अशी सापडली की जी या कॅन्सरमध्ये आधी कोणी नोंदवली नव्हती. जगातल्या पुस्तकांत तोंडाचा कॅन्सर म्हटलं की जीभ असते; आपला गाल-हिरडीचा वेगळा, हे त्या कामाने नीट दाखवलं.

रक्तातल्या तपासणीचंही तसंच. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि काही तासांत नाहीसे होतात. विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरमध्ये विषाणूचाच डीएनए शोधायचा असतो, म्हणून ते काम सोपं. आपल्याकडे प्रत्येक गाठीचा बिघाड वेगळा, तो आधी वाचायचा आणि मग रक्तात त्याचे मोजके तुकडे शोधायचे. गालात चार-दोन पेशी उरल्या असतील तर त्यांचा डीएनए नळीभर रक्तात सापडेलच असं नाही. सापडला तर काळजी करायला जागा आहे. न सापडला तर निश्चिंत व्हायला जागा नाही. आणि भाचा तर न सापडण्यावरच सगळं टांगायला निघाला होता.

हे सगळं मी त्याला खाटेपाशी बसून सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही. शेवटी मी कॅलेंडर मागितलं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला पाहिजे, त्यातले दोन टाके आणि नळीत गेले होते. दात तपासायचे, मास्क बनवायचा, प्लॅनिंगचा सीटी करायचा, याला आठवडा जातो. तपासणीला थांबलो असतो तर मुदत टळली असती. "निकाल काहीही आला तरी शेक द्यायचाच आहे. मानेतल्या गाठीत रोग आहे, कड चारवर आहे, मज्जातंतूला लागलेलं आहे. तीन कारणं या कागदावर आहेत, त्याला वेगळे पैसे पडलेले नाहीत," मी म्हटलं.

मग त्याने टाटाचा हट्ट धरला. तो रास्त होता. टाटात जाताना नुसता रिपोर्ट चालत नाही. ब्लॉक आणि काचा न्याव्या लागतात, ते स्वतः परत बघतात. मी ब्लॉक मोजून डबीत भरले, नंबरांची यादी वर चिकटवली, एक प्रत स्वतःकडे ठेवली. महालक्ष्मीने गेलो, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. त्या धर्मशाळेबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. आमच्या शेजारी अकोल्याची एक बाई होती, नवऱ्याचा जबडा पूर्ण काढलेला. ती त्याला मुगाचं पाणी नळीतून देताना शेजारच्या दोघांनाही देत होती, न विचारता.

टाटातल्या डॉक्टरांनी काचा बघून घेतल्या, रिपोर्टला दुजोरा दिला आणि म्हणाले, शेक मिरजेतच घ्या, पण लगेच सुरू करा. केमोची गरज नाही. मानेतल्या गाठीचं आवरण फुटलेलं असतं किंवा कडेला रोग लागलेला असता तर शेकाबरोबर केमो जोडली असती. २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनंतर हा नियम पक्का झालाय. भाच्याने लॅपटॉप उघडून तपासणीचं विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. इलाज बदलायला आज तिचा उपयोग नाही." परतीच्या गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. लोणावळ्यानंतर बोलला, तेही चहा घेणार का म्हणून.

शेक म्हणजे साठ ग्रे, तीस भागांत, आठवड्याचे पाच दिवस. पहिले दोन आठवडे अण्णा रिक्षाने एकटा जाऊन आला. मग तोंड आतून सोललं, लाळ चिकट झाली, चव गेली. यार्डातले हमाल रोज संध्याकाळी येऊन बसायचे, त्यांच्या कमरेला पुड्या असायच्याच. त्यांना वहिनींनी एकदा असं झापलं की दोघं जण पुडी बाहेर पायरीवर ठेवून आत यायला लागले. सोडली मात्र नाही कोणी.

जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरायच्या असतात. एकावर एक रचून, आठवड्याला एकेक वाढवत. हा व्यायाम कंटाळवाणा आणि दुखरा, पण तो केला नाही तर पुढे तोंडात डॉक्टरचं बोटही जात नाही, मग तपासणार काय? परत येणारा रोग बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो, आणि तो पकडायचं हत्यार अजूनही टॉर्च आणि बोट हेच आहे. मी अण्णाला तेच सांगितलं. दिवाणजीच तो, काड्यांचा हिशोब वहीत ठेवायला लागला. तारीख, काड्या, शेरा.

शेक संपल्यावर भाच्याने ती रक्ताची तपासणी स्वतःच्या पैशाने केलीच. मी विरोध केला नाही. आता त्यात वेळ जाणार नव्हता, आणि मुलाला काहीतरी करायचं होतं. त्यासाठीचे काप मीच काढून दिले, हाडाचा ब्लॉक बाजूला ठेवून मऊ भागातले. निकाल आला: आढळले नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की न आढळणे म्हणजे आजार नाही असा अर्थ काढू नये. तोवर अण्णाला बोलता यायला लागलं होतं. जीभ थोडी जड, पण कळायचं.

"मग आता तारीख पुढं ढकलली काय डॉक्टरनी?"

"नाही. तीच तारीख."

"मग काय कळलं म्हणायचं?"

भाचा हसला, पण त्याला त्या कागदाने बरं वाटलं होतं, हे खरं. किती बरं वाटावं आणि त्याचे किती पैसे द्यावेत हा ज्याचा त्याचा हिशोब. माझं म्हणणं इतकंच की कर्ज काढून कोणी ते विकत घेऊ नये, आणि इलाज थांबवून तर नाहीच.

वर्षभराने उजव्या गालात पांढरा चट्टा दिसला. ऑपरेशन डावीकडे, चट्टा उजवीकडे. वहिनींना वाटलं पसरलं. पण तसंच असतं असं नाही. १९५३ साली अमेरिकेत स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी ७८३ पेशंटचे तुकडे बघून मांडलं होतं की तोंडाचा कॅन्सर एका ठिपक्यातून निघत नाही. तंबाखूने सगळी जमीनच नासलेली असते, त्यात एका जागी आधी उगवतं. काढलेल्या गाठीचा डीएनए रक्तात शोधणाऱ्या तपासणीला ही दुसरी जागा दिसणारच नाही, कारण तिचा बिघाड वेगळा असू शकतो. चट्ट्याचा तुकडा घेतला. मी कापला. सौम्य डिसप्लेझिया, म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात, कॅन्सर नाही. चट्टा काढून टाकला, आणि डॉक्टरांनी वाढवलेलं अंतर परत कमी करून दर दोन महिन्यांनी बोलावलं. तंबाखू ऑपरेशनपासून बंद आहे. सुपारी चालू होती हे तेव्हा कळलं. खिशात, कागदाच्या पुरचुंडीत. वहिनींनी त्यावर दोन दिवस स्वयंपाक केला नाही.

लॅबमध्ये त्यानंतर एक-दोन गोष्टी बदलल्या. मॅडमनी तोंडाच्या रिपोर्टसाठी ठरावीक नमुना केला: खोली, प्रत्येक कडेचं अंतर मिलिमीटरमध्ये, गाठी किती सापडल्या, आवरण फुटलंय का, मज्जातंतू. एकही रकाना रिकामा सोडून सही होत नाही. आधी 'कडा मुक्त' एवढ्यावर भागायचं. हाडापासून मऊ भाग वेगळा करून त्याचा निदान एक ब्लॉक ॲसिडला न लागता राखून ठेवायचा, हे मी मागे लागून सुरू करवलं. उद्या एखादा मार्कर खरंच हजारो पेशंटवर तावून निघाला तर त्या वेळी तपासायला काहीतरी शाबूत पाहिजे. टाटाला किंवा कुठेही ब्लॉक गेले की ते परत आणा म्हणून नातेवाईकांना मी काउंटरवर जाऊन सांगते. बहुतेक जण आणत नाहीत.

बरण्यांसाठी आम्ही आता आसपासच्या हॉस्पिटलांना फॉर्मॅलिनचे कॅन आणि एक छापील कागद देतो: दहापट भरा, वेळ लिहा, सलाइनमध्ये पाठवू नका. मागच्या आठवड्यात एका ठिकाणाहून अर्धी जीभ सलाइनच्या बाटलीत आली. मी चिडूनच फोन लावला. पलीकडची सिस्टर म्हणाली, "ताई, कॅन संपलाय कधीचा, कोणाला सांगायचं तेच कळंना." दुपारच्या जत गाडीच्या कंडक्टरकडे नवा कॅन दिला.